मुकादमाची वागणूक आणि टोळीचे काम

दसरा सरून दिवाळी जवळ आली की मांजरसुंब्याच्या चौकात उभ्या राहणाऱ्या माणसास आपल्या जिल्ह्याचे एक निराळे दर्शन घडते. बीडकडून येणारा रस्ता येथून पुढे सोलापूरकडे जातो. त्यास छेदणारा दुसरा रस्ता एका अंगास पाटोद्यावरून नगरच्या बाजूस व दुसऱ्या अंगास केजवरून अंबाजोगाईकडे जातो. त्या दिवसांत या चौरस्त्यावरून मालमोटारी व ट्रॅक्टर एकामागून एक निघतात. त्यांत भांडीकुंडी, बाजरीची पोती, शेळ्या, कोंबड्या व तान्ही मुले यांसह बायामाणसे दाटीवाटीने बसलेली असतात. ही आपली ऊसतोडीची माणसे होत. पाच-सहा महिने ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात राहतात व उन्हाळा लागला म्हणजे परत येतात.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यात कारकून असताना व पुढे निवृत्त झाल्यावरही या गाड्या जाताना व येताना पाहत आला आहे. एक गोष्ट पुष्कळ वर्षे मनात घोळत होती. परत येणाऱ्या काही गाड्यांतील माणसे उन्हाने काळवंडलेली असली तरी हसतमुखाने उतरतात व पुढील वर्षी त्याच मुकादमाकडे जावयाचे असे बोलूनच घरची वाट धरतात. दुसऱ्या काही गाड्यांतील माणसे मुकादमाकडे मान वर करून पाहतही नाहीत. ऊस तोच, कोयता तोच, टनाचा भाव तोच. मग हा फरक कोठून येतो? चौकशी करता करता असे ध्यानात आले की, याचे उत्तर पुष्कळ अंशी मुकादमाच्या वागणुकीत आहे. आपल्या शेतकरीबंधूंनाही या उत्तराचा उपयोग आहे, म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

मुकादमाच्या हाती काय असते?

मुकादम म्हणजे कोण हे या भागातील वाचकांस सांगावयास नको. तथापि विषय नीट मांडला जावा म्हणून थोडक्यात सांगतो. नवरा व बायको मिळून एक कोयता, व एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. अशा काही कोयत्यांची मिळून टोळी होते. कारखान्याकडून व वाहतुकीच्या कंत्राटदाराकडून मुकादमाकडे पैसा येतो आणि तो हंगामाच्या आधीच कोयत्यांना उचल वाटतो. पुढे टनावारी मजुरी पडते व तीतून उचल फिटते. मजुरीवर मुकादमास कमिशन मिळते. जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखान्यांचा संघ व कामगारांच्या संघटना यांच्यात जो समझोता झाला, त्यात तोडणीचा दर सुमारे ३४ टक्क्यांनी व मुकादमाचे कमिशन एका टक्क्याने वाढविण्यात आले.

दर वाढला हे चांगलेच झाले. परंतु आजारी बाईने फडात यावे की कोपीत पडून राहावे, मध्यरात्री गाडी आली तर कोणास उठवावे, वजनाची पावती कोणास दाखवावी, चुकलेल्यास चारचौघांत बोलावे की बाजूस नेऊन सांगावे, या गोष्टी कोणत्याही समझोत्यात लिहिलेल्या नसतात. त्या मुकादमाच्या स्वभावावर सोडलेल्या असतात. आणि माणसाचे हंगामातील सुखदुःख बहुतेक याच गोष्टींवर ठरते.

कामाचे कष्ट किती असतात हे ज्याने पाहिले नाही त्यास कल्पना यावयाची नाही. पहाटे उठून भाकरी बांधावयाच्या व उजाडण्यापूर्वी फड गाठावयाचा. ऊस तोडावयाचा, पाचट काढावयाचे, मोळ्या बांधावयाच्या व त्या डोक्यावर वाहून गाडीत चढवावयाच्या. गाडी येण्याची वेळ नेमलेली नसते. ती रात्री आली तर रात्रीच भरावी लागते, आणि दुसरे दिवशी पहाट ठरल्या वेळीच होते. अशा कामात माणसाच्या अंगी जी थोडी शक्ती शिल्लक राहते, ती राखावयाची की नासावयाची हे म्होरक्याच्या हाती असते.

दोन मुकादम

मजकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी दोन मुकादमांची हकीकत सांगतो. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही.

पहिल्याचा आवाज फडात सर्वांत मोठा. शिवी दिल्याखेरीज त्याचे वाक्य पुरे होत नसे. कोणी एक दिवस आला नाही की खाडा धरून दंड कापावयाचा. ताप आला काय आणि मूल आजारी पडले काय, हिशेब एकच. वजनाच्या पावत्या तो आपल्या खिशात ठेवी व हंगाम संपल्यावर एकदम बेरीज सांगे. त्याची समजूत अशी की, धाक असला म्हणजे ऊस पडतो. आणि तो समोर उभा असे तोवर ऊस पडतही असे, हे कबूल केले पाहिजे. परंतु तो गट ऑफिसात किंवा बाजारास गेला की कोयते मंदावत. फेब्रुवारी लागता लागता दोन कोयते रातोरात निघून गेले व त्यांच्या अंगावरील उचल बुडाली. उरलेल्यांवर कामाचा बोजा वाढला, आणि पुढील वर्षी नवीन माणसे जमविण्यास त्यास आणखी मोठी उचल वाटावी लागली.

दुसरा मुकादम स्वतः एकेकाळी कोयत्यावर राबलेला. तो दर आठवड्यास बाजाराच्या दिवशी सर्वांना बसवून पावत्या मोठ्याने वाची व प्रत्येकाच्या वहीत आकडा लिही. ज्यास वाचता येत नसे त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलाकडून तो आकडा वाचवून घेई. रात्रीची गाडी भरण्याच्या त्याने पाळ्या लावल्या होत्या. बाई आजारी असली तर तिच्या वाट्याचे काम टोळीने वाटून घ्यावे आणि तिच्या नवऱ्याने पुढे दुसऱ्याच्या अडचणीस उभे राहावे, असा त्याने सर्वांच्या संमतीने रिवाज घातला. त्यामुळे खाड्याची गरज क्वचितच पडे. त्यास मी एकदा विचारले, "तुमचे कोयते पळून कसे जात नाहीत?" तो म्हणाला, "साहेब, हिशेब उघडा आहे. पळून जायचं कशापासून?"

एवढ्यावरून सर्व मुकादमांचा निवाडा करता येणार नाही हे उघड आहे. तथापि ज्यांनी ज्यांनी या धंद्यात वर्षे काढली आहेत, त्यांना विचारले असता बहुतेक हेच ऐकावयास मिळते की, टोळी फुटते ती उघडे-नागडे कष्ट पडल्यामुळे फारशी फुटत नाही. अपमान व हिशेबाचा संशय यांनी ती फुटते.

नुकसान शेतकऱ्याचेही

कोणी म्हणेल, ही मजूर व मुकादम यांची आपसातील गोष्ट. बागाइतदारास तिच्याशी काय कर्तव्य? कर्तव्य पुष्कळ आहे. उसाचा जमिनीलगतचा भाग सर्वांत गोड असतो. तोड जमिनीस टेकून झाली तर वजन व साखर दोन्ही मिळतात आणि खोडव्याचे फुटवे जमिनीतून जोमदार येतात. उभ्या उभ्या वर तोडले तर बुडखे शेतात राहतात, वजन घटते व खोडवा बिघडतो. वाकून तोडण्यास कंबर मोडते. ज्यास आपल्या कामाची कोणी कदर करीत नाही व थांबला तर शिवी मिळते असे वाटते, तो वाकेल कशास? तो दिवस ढकलतो.

त्याचप्रमाणे तोडलेला ऊस जितका लवकर गाळला जाईल तितका बरा. तो पडून राहिला तर वजनही उतरते व साखरही. टोळी मनाने एक असेल तर ती गाडीच्या वेळेचा अंदाज घेऊन तोड करते. मने फाटलेली असतील तर कोणी आज जास्त तोडून ठेवतो, कोणी उद्या येत नाही, आणि मोळ्या उन्हात वाळत पडतात. पाचट काढण्याचा त्रास चुकविण्यासाठी फड पेटवून देण्याचा आग्रह, किंवा शेतकऱ्याकडून खुशालीच्या नावाने वाढते पैसे मागणे, या तक्रारीही आपण वारंवार ऐकतो. ज्या माणसास वरून न्याय मिळत नाही तो खालच्या किंवा शेजारच्या माणसाकडून आपला वाटा ओढू पाहतो, असा जगाचा अनुभव आहे.

शरीरावर उमटणारी खूण

कामाच्या नुकसानीहून मोठी गोष्ट शरीराची. ऊसतोडीस जाणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचा बोभाटा २०१९ साली झाला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत आपल्या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांत सुमारे एक. याचा सर्व दोष मुकादमांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दारिद्र्य, लहान वयातील लग्ने, फडावर पाण्याची व आडोशाची उणीव, आणि काही वैद्यांचा लोभ, अशी अनेक कारणे यात मिसळली आहेत. परंतु त्या स्त्रियांपैकी कित्येकींनी सांगितलेले एक कारण आपण नीट ऐकले पाहिजे: दुखणे निघाले तरी रजा मागता येत नव्हती, आणि खाडा परवडत नव्हता. जेथे "आज मला होत नाही" हे चार शब्द बोलण्याची सोय नाही, तेथे माणूस शेवटी शरीरच कापून टाकतो. याहून कडक शब्दांत म्होरक्याच्या वागणुकीची किंमत सांगता येणार नाही.

हा केवळ फडातील प्रकार नव्हे. स्वीडन देशात ३,१२२ पुरुष कामगारांची सुमारे दहा वर्षे पाहणी करून तिचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा वरिष्ठ कामाची उद्दिष्टे स्पष्ट सांगतो, पुरेशी माहिती देतो व काम करण्यास पुरेशी मोकळीक देतो, त्यांच्यात हृदयविकाराचे झटके कमी आढळले. आणि जितकी वर्षे माणूस अशा वरिष्ठाच्या हाताखाली राहिला तितका हा संबंध अधिक दृढ दिसला. छातीतील दुखणे व वरिष्ठाचा स्वभाव यांचा असा संबंध असेल, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी शास्त्रावाचूनही ओळखले असते.

कचेरीतील अनुभव

दुसऱ्याचे उणे काढताना आपले घर झाकून ठेवणे बरे नव्हे, म्हणून कचेरीतील अनुभवही सांगतो. दुष्काळाच्या एका वर्षी जनावरांच्या छावण्यांचे काम होते. दररोज किती जनावरे, किती चारा, किती पेंड याचे तक्ते वर पाठवावे लागत. ज्या कचेरीत मी होतो तेथील वरिष्ठ मोठे कर्तबगार, परंतु अतिशय तापट. शेतकरी समोर उभे असताना ते कारकुनाच्या अंगावर कागद फेकीत. एका कारकुनाकडून एका छावणीच्या जनावरांचा आकडा चुकून दोनदा धरला गेला. चूक त्याच्या दुसरेच दिवशी ध्यानात आली. त्याने ती मला सांगितली. आम्ही दोघांनी वरिष्ठांच्या दाराकडे पाहिले आणि गप्प बसलो. पुढील तक्ते मागील तक्त्यांशी जुळले पाहिजेत म्हणून तोच चुकीचा आकडा कित्येक दिवस पुढे चालला. हिशेबतपासणीत तो उघडकीस आला तेव्हा त्या गरिबाची चौकशी लागली. पै-पैशाचा अपहार नव्हता हे सिद्ध झाले, परंतु तोवर त्याचा रक्तदाब इतका वाढला की तो इस्पितळात पडला व पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. मी त्या दिवशी बोललो असतो तर एका ओळीत दुरुस्ती झाली असती. ही टोचणी मला अजून आहे.

पुढे बदली होऊन ज्या कचेरीत गेलो तेथील वरिष्ठांची रीत निराळी. ते सकाळी सर्वांना दहा-पंधरा मिनिटे बसवीत आणि प्रथम कालच्या दिवशी आपली स्वतःची काय चूक झाली ते सांगत. मग विचारीत, "तुमचे काय अडले आहे?" पहिले काही दिवस कोणी तोंड उघडले नाही. हळूहळू चुका त्याच दिवशी पुढे येऊ लागल्या व त्याच दिवशी सुधारू लागल्या. कामचुकार माणसास ते सोडीत नसत. परंतु बोलावयाचे ते दार लावून बोलत. त्या कचेरीत मार्चअखेरचे काम कोणाही आजारी न पडता पुरे झालेले मी पाहिले. माणसे त्याच दर्जाची होती. एक भीती तेवढी नव्हती.

यावरून मला जे कळले ते असे की, धाकाने काम थांबते असे नाही. धाकाने वाईट बातमी थांबते. आणि ज्या म्होरक्याकडे वाईट बातमी वेळेवर येत नाही, तो डोळे बांधून औत हाकणाऱ्यासारखा होय.

जगाचे दोन दाखले

अमेरिकेत कुर्ट लेविन व त्याचे सहकारी यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे लहान लहान गट करून त्यांस हस्तव्यवसायाचे काम दिले आणि म्होरक्यांच्या वागणुकीचा परिणाम तपासला. तो प्रयोग १९३९ साली प्रसिद्ध झाला. हुकूम चालविणाऱ्या म्होरक्याच्या हाताखाली मुलांनी काम थोडे अधिकच केले, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु तो खोलीबाहेर गेला की काम ढासळे. आणि ती मुले एकमेकांवर चिडत किंवा अगदी निर्जीवासारखी बसत. सल्लामसलतीने चालणाऱ्या म्होरक्याच्या मागेही मुलांचे काम बहुतेक तसेच चालू राही. आणि ज्या गटाचा म्होरक्या कशातच लक्ष घालीत नसे, तेथे काम सर्वांत कमी झाले. तेव्हा गोड बोलून स्वस्थ बसणे म्हणजे चांगली वागणूक नव्हे, हेही त्यातून शिकावे.

दुसरा दाखला आपल्याच मुलखातील व शेतीचा आहे. त्याच १९३९ साली औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने व मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनियराच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. भारी गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांस तेथे भिंतींवाचून, कुटुंबासह ठेवून शेती करावयास दिली. याच कल्पनेवर पुढे व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट १९५७ साली निघाला, व त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. खून केलेल्या माणसावर विश्वास टाकून त्याजकडून शेत पिकवून घेता येते, तर ज्याने आयुष्यात मुंगीही मारली नाही अशा कोयतेवाल्याशी शिवीवाचून का बोलता येऊ नये?

मुकादमाची बाजू

एक गोष्ट न सांगितल्यास लेख एकांगी होईल. मुकादम हाही कोणाच्या तरी हाताखालचा माणूस आहे. उचल घेऊन माणसे आली नाहीत तर कंत्राटदार त्याच्या दारात बसतो. त्याची जमीन, बैल, बायकोचे दागिने यांवर तगादा येतो. काही मुकादमांना यापायी फार भोगावे लागले आहे. स्लिपबॉयने गाडी अडविली तर त्याचाही दिवस बुडतो. वरून जो ताप येतो तो तो खाली सोडतो. कोयतेवाला तो बायकोवर सोडतो, आणि शेवटी तो मुलाच्या पाठीवर उतरतो. पाण्याप्रमाणे वागणूकही वरून खाली वाहते. म्हणून केवळ मुकादमास उपदेश करून भागणार नाही. कारखान्याच्या अध्यक्षापासून गट ऑफिसातील कारकुनापर्यंत प्रत्येकाने आपण खाली काय सोडतो हे पाहिले पाहिजे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झाले, मुलांसाठी वसतिगृहे निघाली, हे योग्यच होय. पण कोणत्याही महामंडळास फडात उभे राहून माणसाशी नीट बोलता येत नाही.

आपणही मुकादमच

वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी सालगडी असतो किंवा वेचणीस व खुरपणीस बाया येतात. म्हणजे आपणही लहानसे मुकादमच आहोत. कापसाच्या वेचणीत वजनावरून बाईस चोर ठरविणाऱ्या मालकाच्या गाठोड्यात ओला कापूस व कवड्या अधिक निघतात, हे पुष्कळांनी अनुभवले असेल. तेव्हा स्वतःच्या व इतरांच्या अनुभवावरून काही गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, हिशेब उघडा ठेवावा. उचल किती, फिटली किती, हे गड्याच्या वहीतही असावे व आठवड्यास वाचून दाखवावे. दुसरी, चूक दाखवावयाची ती एकांतात आणि शाबासकी द्यावयाची ती चारचौघांत. आपण बहुधा उलट करतो. तिसरी, दुखणे सांगणाऱ्याचे प्रथम ऐकावे व संशय मागाहून घ्यावा. दहांतील एखादा लबाड निघेल. त्याच्यासाठी नऊ जणांना दुखणे लपवावयास लावू नये. चौथी, काम सांगताना त्याचे कारणही सांगावे. बुडखा का ठेवू नये हे ज्यास कळले तो मालक नसतानाही वाकून तोडतो. पाचवी, विश्रांतीची व पाण्याची वेळ आधी ठरवावी आणि ती मोडावी लागली तर आपणही त्या वेळी शेतात असावे. सहावी, आपली चूक झाली तर ती गड्यासमोर कबूल करावी. याने मान जात नाही. मी माझ्या वरिष्ठाची गेलेली पाहिली नाही.

यात पैशाचा खर्च फारसा नाही, म्हणून या गोष्टी सोप्या आहेत असे कोणी समजू नये. जीभ आवरणे हे नांगर धरण्याहून कठीण आहे. पण त्याची परीक्षा दर वर्षी पाडव्यास होते. त्या दिवशी जुने साल संपते व नवे ठरते. ज्याचा गडी न बोलावता सकाळी दावणीस येऊन बैलांना वैरण टाकू लागतो, तो मालक उत्तीर्ण झाला. ज्यास उन्हातान्हात गावोगाव नवा गडी शोधीत फिरावे लागते, त्याने दोष जमान्यास देण्यापूर्वी गेल्या वर्षभरात आपण त्या माणसाशी काय काय बोललो ते एकदा आठवून पाहावे.

यंदाही गाड्या या चौकातून जातील. त्यांतील कोणती माणसे कशी परत येतील हे पावसावर व भावावर तर आहेच. पण त्याहून अधिक ते पुढच्या आसनावर बसलेल्या माणसावर आहे. तो माणूस हा लेख वाचील किंवा न वाचील. आपल्यापैकी कोणी त्यास ओळखत असेल, तर निघण्यापूर्वी त्याजपाशी चहा घेता घेता एवढे अवश्य बोलावे.